सात अक्षरांतील गुडघा

थोड्या अक्षरांत पुष्कळ अर्थ आणि त्या अर्थाविषयीं संशयास जागा नाहीं, हे सूत्राचे दोन मुख्य गुण आपल्याकडे पूर्वापार मानलेले आहेत. व्याकरण शिकलेल्या वाचकांस ठाऊकच आहे कीं, पाणिनीनें धातूस किंवा प्रत्ययास जोडलेलें इत्संज्ञक अक्षर उच्चारांत रहात नाहीं. परंतु त्याकडे दुर्लक्ष झालें, तर पुढील सर्व कार्य चुकतें. ही विद्या आतां पाठशाळेंतच उरली आहे अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनीं आपल्याच घरांतील तरुण मंडळींच्या कामाकडे थोडें लक्ष द्यावें. पुण्यामुंबईकडील कित्येक पदवीधर मुलें-मुली आज ‘मेडिकल कोडिंग’ या व्यवसायांत आहेत. अमेरिकेंतील रुग्णालयांचे कागद त्यांच्यापुढें येतात, आणि त्यांतील रोग व उपचार यांना तीं ठराविक संकेत देतात. ‘मुलगी रात्रभर आंकडे लावते’, एवढेंच वडील माणसांस समजतें. हे आंकडे म्हणजे काय, तें एका उदाहरणानें पाहूं.

गुडघ्याचा सांधा कायमचा जोडून टाकण्याची एक शस्त्रक्रिया आहे. तिला ‘आर्थ्रोडेसिस’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ ‘सांधा बांधणें’ असा आहे. मांडीचें हाड व नडगीचें हाड यांच्या टोकांवरील कूर्चा काढून तीं एकमेकांस घट्ट भिडवून ठेवितात, म्हणजे कालांतरानें त्यांचें एकच हाड होतें. वेदना थांबते, पायावर भार देऊन चालतां येतें. परंतु तो गुडघा पुन्हां वांकत नाहीं. मांडी घालून पंक्तीस बसणें संपलें. इंग्लंडांतील शस्त्रवैद्य जॉन चार्नली यांनीं १९४८ सालीं, दाब देऊन हीं हाडें लवकर जुळविण्याच्या पद्धतीवर लेख प्रसिद्ध केला. आज कृत्रिम सांधा बसवितां येत असल्यामुळें हा मार्ग क्वचितच पत्करतात. बसविलेला कृत्रिम सांधा जंतुसंसर्गानें पुनःपुन्हां बिघडला, म्हणजे पाय वांचविण्याचा जवळजवळ शेवटचा उपाय म्हणून तो उरतो.

अमेरिकेंत या एका शस्त्रक्रियेचीं बिलें दोन होतात. पहिलें शस्त्रवैद्याचें. त्यासाठीं अमेरिकन मेडिकल असोसिएशननें १९६६ सालीं प्रथम प्रसिद्ध केलेली ‘सीपीटी’ ही संकेतावली वापरतात. तिच्यांत या शस्त्रक्रियेचा अंक २७५८० असा आहे, आणि त्यापुढें ‘कोणत्याहि पद्धतीनें’ असा खुलासा आहे. हाडांत सळई घातली, पट्टी बसविली किंवा बाहेरून चौकट लावली, तरी अंक तोच.

दुसरें बिल रुग्णालयाचें. तेथें १ ऑक्टोबर २०१५ पासून ‘आयसीडी-१०-पीसीएस’ ही निराळी संकेतावली चालते, आणि ती मात्र साधनाचीहि चौकशी करते. तिचें प्रत्येक सूत्र सात अक्षरांचें असतें. ‘०एसजीसी०४झेड’ हें सूत्र घ्या. पहिलें शून्य म्हणजे शस्त्रकर्माचा विभाग; एस म्हणजे शरीराच्या खालच्या भागांतील सांधे; जी म्हणजे जोडून टाकण्याची क्रिया; सी म्हणजे उजवा गुडघा; पुढचें शून्य म्हणजे उघडी शस्त्रक्रिया; चार म्हणजे आंत बसविलेलें धातूचें साधन; आणि झेड म्हणजे याहून अधिक विशेष कांहीं नाहीं. साधन बाहेरून लावलें असेल, तर चाराच्या जागीं पांच येतो. शून्य आणि एक यांच्याशीं घोटाळा होऊं नये, म्हणून ओ व आय हीं अक्षरें या संकेतावलींत घेतलेलींच नाहींत!

रोगाचा संकेत आणखी वेगळा. उजव्या गुडघ्यांतील कृत्रिम सांध्यास जंतुसंसर्ग झाला असेल, तर चालू उपचारांसाठीं ‘टी८४.५३एक्सए’ असें लिहितात. यांतील एक्स या अक्षरास स्वतःचा अर्थ नाहीं. तें फक्त जागा भरून काढतें. श्लोकांत पादपूरणार्थ येणारे च, वै, तु, हि ज्यांनीं पाठ केले आहेत, त्यांना याचें नवल वाटूं नये. मात्र श्लोकांतील ‘वै’ गळला तर फार तर वृत्तभंग होईल. येथें एक्स गळला तर बिल परत येतें.

आतां सी या अक्षराकडे पुन्हां पाहूं. त्याऐवजीं डी पडला, तर गुडघा डावा होतो. विमा-कंपनीनें संमति उजव्या पायासाठीं दिलेली असते आणि बिल येतें डाव्याचें. ती पैसे नाकारते. मग ज्या रुग्णाचा गुडघा जन्मभर वांकावयाचा नाहीं, त्याच्याच दारीं नकाराचें पत्र येऊन पडतें.

म्हणून या व्यवसायाचा पहिला नियम असा: जें वैद्यानें लिहिलें नाहीं, तें घडलें असें धरूं नये. माझी एक जुनी विद्यार्थिनी हें काम करते. एकदां तिच्यापुढें आलेल्या कागदांत शीर्षकीं ‘उजवा’ आणि आंतील वर्णनांत ‘डावा’ असें होतें. इतर मजकुरावरून उजवाच असावा, असा तर्क तिला सहज करतां आला असता. तिनें तो केला नाहीं; कागद थांबवून शस्त्रवैद्याकडे पृच्छा पाठविली. त्या रात्रीं तिच्या ठरलेल्या कामाची संख्या भरली नाहीं, आणि वरिष्ठांचे दोन शब्दहि तिला ऐकावे लागले. मला तिच्या पाठांतरापेक्षां या थांबण्याचें कौतुक अधिक वाटलें.

चुकीहून वाईट गोष्ट म्हणजे हेतुपुरस्सर वाढविलेला संकेत. वृद्धांसाठीं असलेल्या ‘मेडिकेअर’ या सरकारी विम्यांत, या शस्त्रक्रियेच्या मोबदल्यांतच पुढील ९० दिवसांची शस्त्रवैद्याची नेहमींची देखरेख धरलेली असते. त्या भेटींचे पैसे वेगळे लावणें गैर आहे. यादवी युद्धाच्या काळीं, १८६३ सालीं, सरकारास लुबाडणाऱ्या पुरवठादारांसाठीं तेथें एक कायदा झाला. सरकारकडे जाणूनबुजून केलेल्या खोट्या वैद्यकीय मागण्यांसहि तो आज लागतो, आणि नुकसानाच्या तिप्पट भरपाई द्यावी लागते.

यांतून आपण गृहस्थांनीं घ्यावयाचें तें असें. शस्त्रक्रिया कोणतीहि असो, येथील असो वा परदेशांतील, तपशीलवार बिल मागून घ्यावें. रोगाचें नांव, उजवी-डावी बाजू, तारीख आणि वापरलेलें साधन, या चार गोष्टी रुग्णालयानें दिलेल्या टिपणाशीं ताडून पहाव्या. विसंगति दिसली तर पैसे भरण्यापूर्वींच लेखी विचारावें. त्यांत संकोच बाळगण्याचें कारण नाहीं. व्यापाऱ्याची यादी आपण रोज तपासतोंच.

आणि घरांतील एखादी मुलगी हें काम करीत असेल, तर तिला ‘केवळ आंकडे लावणारी’ म्हणूं नये. जो रुग्ण तिला कधीं दिसणार नाहीं, त्याच्या पायाविषयीं खरें तेंच लिहिण्याची जबाबदारी तिनें पत्करलेली आहे. एकादे दिवशीं चहाच्या वेळीं तिला विचारावें, ‘बाई, आज कोणता कागद अडला?’ तिच्याजवळ सांगण्यासारखें पुष्कळ असेल.