डाव्या डोळ्याची गोष्ट

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत धारवाडहून माझी भाची अनगोळला आली, ती गळ्यात कॅमेरा अडकवूनच. मोबाईल नव्हे, चांगला वजनदार, रोल घालायचा कॅमेरा! तिच्या अज्जांचा. अज्जांनी कपाटातून काढून दिला आणि वर बजावलं, "हाळ माडबेड, मगळं." मोडू नकोस, बाळ! बेळगावच्या शिवजयंतीचे चित्ररथ टिपायचे, असा तिचा बेत होता.

दोन दिवसांत तिचा उत्साह मावळला. कॅमेरा टेबलावर ठेवून म्हणाली, "मावशी, हा कॅमेरा मला चावतोय गं."

मी म्हटलं, दाखव बघू कसा चावतोय ते. तिनं कॅमेरा उचलला, उजवा डोळा मिटला आणि डावा डोळा काचेला लावला. फोटो काढून झाल्यावर रोल पुढे सरकवायला उजव्या अंगठ्यानं खटका ओढला, तो थेट चष्म्यावर आपटला. तिचे बाबा शेजारीच होते. ते म्हणाले, "अगं, उजव्या डोळ्यानं बघ की. सगळं जग तसंच बघतंय."

ते वाक्य ऐकलं आणि माझ्या पोटात गलबललं. कारण हेच वाक्य मी पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी ऐकलं होतं आणि मानलंही होतं.

१९९८ साली माझ्या धाकट्या बहिणीचं, म्हणजे हिच्या आईचं लग्न झालं. मांडवात स्टुडिओवाले होते, पण घरातल्या माणसांचे फोटो मी काढायचे असं ठरलं. कॅमेरा मागून आणलेला. शिकवणाऱ्यानं सांगितलं, "डावा डोळा लावू नका, खटका लागेल. उजव्यानंच बघायची सवय करा." मी आज्ञाधारकपणे उजवा डोळा लावला. छत्तीस फोटोंचा रोल धुऊन आला तेव्हा निम्म्याहून अधिक फोटो धुरकट! पाठवणीच्या वेळी परसदारी, विहिरीपाशी एकटेच जाऊन उभे राहिलेले आमचे बाबा त्यातच होते. पुढच्याच वर्षी बाबा गेले. त्या दिवसाचा त्यांचा तो एकच फोटो, आणि त्यात चेहरा नाही, नुसता पांढरा सदरा आहे.

कारण कळलं ते फार उशिरा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी एकेक डोळा झाकून तपासलं, तर माझ्या उजव्या डोळ्याला चांगलाच नंबर निघाला. डावा डोळा सगळं काम निमूटपणे करत होता, म्हणून कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. उजव्या डोळ्याला जे धूसर दिसत होतं, त्यावरच मी लेन्स फिरवून फिरवून नेम धरत होते!

वाचकहो, आपल्या दोन हातांपैकी एक जसा पुढे असतो, तसाच दोन डोळ्यांपैकीही एक पुढारी असतो. साधारण तीनांतल्या दोघांचा उजवा, तर एकाचा डावा. आणि डावखुऱ्याचाच डोळा डावा असतो असंही नाही. मी जेवते, लिहिते उजव्या हातानंच. तुमचा डोळा कोणता, हे आत्ता घरबसल्या बघता येईल. दोन्ही हात पुढे लांब करून तळव्यांच्या मध्ये छोटी खिडक धरा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या खिडकीतून लांबचं घड्याळ किंवा दिवा बघा. मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला वस्तू खिडकीतच दिसते, तो तुमचा पुढारी.

ही काही खोड नव्हे आणि आजारही नव्हे. पण कॅमेरे बनवणाऱ्यांनी मनात धरला तो उजव्या डोळ्याचा माणूस. खटका उजव्या टोकाला. उजवा डोळा लावला की तोंड डावीकडे राहतं आणि अंगठ्याला मोकळी जागा मिळते. डावा डोळा लावला की उजवी भुवई नेमकी त्या खटक्याच्या वाटेत येते. निकॉनच्या एफएम, एफई यांसारख्या कॅमेऱ्यांत तर उजेड मोजायचं यंत्र चालू करण्यासाठी खटका थोडा बाहेर ओढूनच ठेवावा लागतो. पेंटॅक्सच्या के-१००० ला ती अट नाही, त्याचा खटका अंगाला चिकटून राहतो. लायकाच्या एम जातीच्या कॅमेऱ्यांत बघायची खिडकी अगदी डाव्या टोकाला. उजव्या डोळ्याच्या माणसाला डावा डोळा उघडा ठेवून जग बघता येतं. आपण डावा डोळा लावला तर सगळं तोंडच झाकलं जातं!

सगळ्यांनीच मात्र डाव्याला डावललं नाही. जर्मनीत ड्रेस्डेनला बनणाऱ्या एक्झॅक्टा कॅमेऱ्याचा खटका आणि फोटो काढायचं बटण, दोन्ही डावीकडे होतं. हिचकॉकच्या १९५४ सालच्या 'रिअर विंडो' सिनेमात खिडकीत बसलेल्या नायकाच्या हातात तोच कॅमेरा आहे. आणि दोन भिंगांचे, वरून मान खाली घालून बघायचे कॅमेरे तर डाव्या-उजव्याचा भेदच मानत नाहीत. आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्याकडे असा रोलायफ्लेक्स होता.

गंमत बघा, आपल्या दोन्ही भाषा या बाबतीत सारख्याच. मराठीत 'उजवा' म्हणजे सरस, आणि 'डावलणं' म्हणजे बाजूला सारणं. कन्नडमध्ये 'बल' म्हणजे उजवा आणि 'बल' म्हणजे ताकदही. 'एडगण्णु' बिचारा दोन्हीकडे मागे! फक्त आमची आज्जी तेवढी म्हणायची, "बाईचा डावा डोळा लवला की शुभ."

मी भाचीला आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिचे दोन्ही डोळे चष्म्यानिशी उत्तम निघाले, पुढारी तेवढा डावा. अज्जांना फोन केला, तर ते हसून म्हणाले, "एडगण्णा? परवाइल्ल री!" मग तिला माझी युक्ती शिकवली. फोटो निघाला की कॅमेरा भुवईपासून दोन बोटं पुढे घ्यायचा, खटका ओढायचा आणि परत डोळ्याला लावायचा. लेन्सचा नेम हलत नाही, फक्त चौकट पुन्हा धरावी लागते. एक क्षण जातो, जाऊ द्यावा.

मिरवणुकीच्या रात्री तिनं एकच रोल वापरला. काही फोटो हलले, काही काळे आले. पण एका फोटोत रथावर मावळ्याच्या वेशातला एक चिमुरडा पेंगुळला आहे आणि त्याची आई खालून हात वर करून त्याचा फेटा सावरते आहे. त्या आईच्या बोटांवरच्या रेषासुद्धा मोजून घ्याव्यात इतका स्वच्छ! बहिणीनं तो फोटो बघितला आणि काही न बोलता माझ्या हातावर हात ठेवला.

म्हणून आईबाबांना एवढंच सांगणं. मूल एकाच डोळ्यानं बघत असेल तर "दुसऱ्यानं बघ" म्हणून दटावू नका. आधी एकेक डोळा झाकून तपासून घ्या. एखादा डोळा आळशी पडत असेल तर साधारण सात-आठ वर्षांच्या आत उपचार सुरू झालेले बरे. आणि दोन्ही डोळे धड असतील, तर ज्या डोळ्यानं त्याला जग दिसतं, त्याच डोळ्यानं ते बघू द्या.