फुलझाडांतील हरळी आणि तणनाशकाचा विवेक

बुलढाणा जिल्ह्यात चिखली, मेहकर, लोणार या भागांत सोयाबीनचा पेरा मोठा आहे. उभ्या पिकातील गवत मारणारे क्विझॅलोफॉप इथाइलसारखे निवडक तणनाशक तेथील शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचे आहे. साहजिकच शाळेच्या बागेत किंवा घरापुढील गुलाब, जास्वंद, मोगऱ्यात हरळी माजली म्हणजे तेच औषध तेथे का वापरू नये, असा प्रश्न ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांपुढे येतो.

प्रश्न रास्त आहे. गवतवर्गीय वनस्पतींत स्निग्ध पदार्थ तयार करणाऱ्या विकराचे कार्य हे औषध बंद पाडते. रुंद पानांच्या बहुतेक झाडांत हे विकर निराळ्या घडणीचे असल्यामुळे ती बचावतात. खुरप्याने हरळीची कांडी तुटली तर तिचे तुकडे पुन्हा फुटतात व झाडाची मुळेही दुखावतात. जुनाट हरळीपुढे निंदणी अपुरी पडते ती याच कारणाने.

तथापि तण ओळखल्यावाचून बाटलीस हात लावणे इष्ट नव्हे. लव्हाळा गवतासारखा दिसतो, पण गवत नव्हे. त्यावर किंवा गाजरगवतावर हे औषध चालत नाही. उलट हिरवळ, बांबू, गवती चहा व वाळा हे गवतकुळातील असल्याने त्यांना अपाय होतो. २,४-डी तर येथे सर्वथा वर्ज्य होय. ते गवत राखते व फुलझाड मारते. पंपात राहिलेला त्याचा अंशही घातक ठरतो. ग्लायफोसेट दोहोंचाही नाश करते.

याहून महत्त्वाचा मुद्दा नियमाचा आहे. कीटकनाशके अधिनियम, १९६८ नुसार औषधाची नोंदणी ठरावीक पिकांसाठी होते. वेष्टनावर फुलझाडाचे नाव नसेल, तर कार्यकर्त्याने आपल्या अधिकारात त्याची शिफारस करू नये. २०१७ साली विदर्भातीलच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. ती औषधे कीटकनाशके होती हे खरे. परंतु विषारी औषध सैल हाताने वापरू नये, हा धडा सर्वांनाच लागू आहे. मुलांचा वावर असलेल्या बागेत तर तो अधिकच.

म्हणून लहान वाफ्यात कोवळ्या गवताची निंदणी व पालापाचोळ्याचे आच्छादन हाच प्रशस्त मार्ग होय. नवी बाग लावावयाची असल्यास उन्हाळ्यातच जमीन खोल खणून हरळीच्या काशा वेचून काढाव्यात. मोठ्या लागवडीत तेवढ्याने भागत नसेल, तर कृषी विज्ञान केंद्रामार्फत अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे फुलझाडाचे व तणाचे नाव कळवून सल्ला मागावा. औषध हे निंदणीचे साहाय्यक आहे. ते विवेकाची जागा घेऊ शकत नाही.