अंगारा टाकलात, आता औषधाचे शास्त्र हाती घ्या!



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास परमपूज्य बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्याच तुम्ही दीक्षेच्या वेळी उच्चारल्या. देव्हारे उतरविले, भगताचा अंगारा बंद केला. उत्तम केले! परंतु त्या रिकाम्या जागी काय आणले? मुलास ताप आला की कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन गोळ्या आणावयाच्या. त्या कशाच्या, किती व का, हे विचारावयाचे नाही. ही अंधश्रद्धाच नव्हे काय? भगत बदलला, मान तुकविण्याची सवय तीच राहिली!

हे अज्ञान घालविणारी दोन शास्त्रे आहेत. हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे कशी चालतात, हे शरीरक्रियाशास्त्र सांगते. औषध रक्तात कसे शिरते, यकृत त्याचे काय करते, त्याचा निचरा कसा होतो आणि कोणत्या मात्रेस त्याचेच विष बनते, हे औषधक्रियाशास्त्र, म्हणजे फार्मॅकॉलॉजी सांगते.

“हे आपल्या मुलांचे काम नव्हे,” असे म्हणणाऱ्यांनी जीवकाची कथा आठवावी. विनयपिटकातील कथेप्रमाणे तो राजगृहात उकिरड्यावर टाकलेले मूल. परंतु तक्षशिलेस सात वर्षे विद्या शिकून तो भगवान बुद्धांचा वैद्य झाला. जन्म त्याच्या आड आला काय?

ही विद्या शिकण्यास आज तक्षशिलेस जाणे नको. कळव्यास ठाणे महानगरपालिकेचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु नीटमध्ये गुण कमी पडले की सारे संपले, असे मानून मुलास घरी बसविता, हा घोर अपराध होय! राज्याची सीईटी देऊन बी. फार्म.ला जाता येते. उल्हासनगरास डॉ. एल. एच. हिरानंदानी फार्मसी महाविद्यालय आहे. अभ्यासक्रम चार वर्षांचा. पहिल्याच वर्षी शरीररचना व शरीरक्रिया, आणि चौथ्या ते सहाव्या सत्रात फार्मॅकॉलॉजी शिकवितात.

डोंबिवलीच्या रासायनिक कारखान्यांत २०१६ व २०२४ च्या मे महिन्यांत स्फोट होऊन कामगार प्राणास मुकले. पिंपे उचलणाऱ्यास त्यातील द्रव्य फुप्फुसांचे व यकृताचे काय करते, हे कोण सांगणार? ते सांगणारा आपल्याच वस्तीतून का निघू नये?

आणखी एक भय टाका. अर्जावर ‘हिंदू’ लिहिल्यावाचून सवलत मिळणार नाही, असे कोणी सांगितल्यास ऐकू नका. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा त्यात समावेश झाला. आपला धम्म निर्भयपणे लिहा. मात्र जातीचा दाखला व जात पडताळणी अकरावीतच उरका. प्रवेशाच्या तोंडावर कचेरीचे उंबरे झिजवून जागा गमावू नका. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही कोणाची मेहेरबानी नव्हे, तो आपला हक्क आहे.

आणि हे सारे मुलाइतकेच मुलीसाठीही करा. लग्नाच्या मांडवावर उधळावयाचा पैसा तिच्या ग्रंथांवर खर्चा. घरात एक जाणती मुलगी असली, तर भगताला दारात उभे राहण्याचीही छाती होणार नाही!

जय भीम!