आधी काळोख, मग चित्र

संगणकावर प्रोग्राम सुरू होताना क्षणभर जे चित्र झळकतं, ती स्प्लॅश स्क्रीन. हिशेबाच्या प्रोग्रामची ती कितीही भडक असली तरी कुणाचं काही बिघडत नाही. आकाश दाखवणाऱ्या प्रोग्रामचं तसं नाही. तो बऱ्याचदा मध्यरात्री, उघड्या माळावर, दुर्बिणीशेजारी उघडला जातो. तिथे देखणं चित्रच घात करतं.

काळोखाला पुरतं सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं तरी लागतात. तेवढ्या वेळात दृष्टिपटलावरच्या दंडपेशींमध्ये ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य पुन्हा भरून येतं आणि मग देवयानीतली दीर्घिका नुसत्या डोळ्यांनाही पुसट डागासारखी दिसू लागते. झगझगीत पडदा समोर आला की ही कमाई गेलीच म्हणायची. लाल प्रकाशाला दंडपेशी फारशी दाद देत नाहीत, म्हणून वांगणीला आकाशदर्शनासाठी जाणारी मंडळी बॅटरीवर लाल जिलेटिन चढवतात. स्टेलॅरियम या मोफत प्रोग्राममध्येही कंट्रोल आणि एन ही बटणं एकत्र दाबली की सगळा पडदा लाल होतो. पण ती दाबणार कधी? प्रोग्राम उघडल्यावर. स्वागताचं चित्र त्याआधीच डोळे दिपवून गेलेलं असतं!

असं स्वागताचं चित्र करताना चित्रकारांचा हात हमखास जातो तो हबल अवकाश दुर्बिणीच्या छायाचित्रांकडे. गरुड तेजोमेघातले 1995 सालचे ते प्रसिद्ध स्तंभ घ्या. त्यात गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा असे रंग वाटून दिले आहेत. शास्त्रज्ञांच्या दृष्टीने त्यात वावगं काही नाही. पण हौशी माणसाला छोट्या दुर्बिणीतून तिथे दिसतं ते राखाडी धुकं. दारातच असं आश्वासन दिलं की आत आलेला हिरमुसणारच.

मला विचाराल तर काळाभोर पडदा आणि त्यावर आपलं मृग नक्षत्र. चार कोपऱ्यांचे चार तारे, मध्ये ओळीत तीन, खाली डावीकडे व्याध. कोपऱ्यांतल्या ताऱ्यांपैकी काक्षी किंचित तांबूस, राजन्य निळसर. हे रंग नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. अक्षरं मंद लाल, आणि आवृत्तीचा क्रमांक कोपऱ्यात, कारण बिघाड कळवताना तोच आधी विचारतात.

स्टेलॅरियमच्या मूळ यादीतच सहा लाखांहून जास्त तारे आहेत आणि त्यांच्या फायली तेजस्वितेप्रमाणे विभागलेल्या आहेत. मग प्रोग्राम किती उघडला हे दाखवणाऱ्या सरकत्या पट्टीची गरजच काय? जशी फाइल उघडेल तसे तारे उगवू द्यावेत. आधी व्याध, मग काक्षी-राजन्य, मग बारीक ठिपके. संध्याकाळी आकाशातही हाच क्रम असतो. मात्र यादी उघडून झाल्यावर निव्वळ चित्र दिसावं म्हणून माणसाला ताटकळत ठेवणं हा शुद्ध आगाऊपणा.

स्टेलॅरियमचा कोड सर्वांना खुला आहे, आपल्याकडची चित्रकार पोरंही त्यासाठी चित्रं करू शकतात. फक्त पाठवण्याआधी एकदा अमावास्येच्या रात्री माळावर लॅपटॉपवर ते उघडून बघा. शेजारचा दुर्बिणवाला ओरडला नाही, तर चित्र पास.