पाण्याचं पेरॉक्साइड आणि आपला पहिला नंबर

मंडळी, थोडं कडू बोलणार आहे. दहावीचा निकाल लागला की कोकण विभाग राज्यात पहिला, आपण स्टेटस ठेवतो, पेढे वाटतो. वाटावेतच. पण गेल्या रविवारी कुडाळात भाचीची विज्ञानाची वही बघितली. धडा तिसरा, रासायनिक अभिक्रिया व समीकरणे. "मामा, माका ही सगळी पाठ आसत." खरंच, घडाघडा म्हणून दाखवली.

म्हटलं, हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी, हे आठवू नको, मोजून संतुलित कर. अडली. डावीकडे ऑक्सिजनचे अणू दोन, उजवीकडे एक. मग तिने सरळ पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनच्या पायाशी दोन लिहून टाकला. अणू जुळले की! फक्त पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड झालं, जखम धुवायला वापरतात ते.

पोरीची चूक नाही. पायाशी असलेला आकडा म्हणजे पदार्थाची ओळख, त्याला हात लावायचा नाही, बदलायचा तो सूत्राच्या आधीचा आकडा, हे तिला कुणी समजावलंच नाही. क्लासमध्ये 'अपेक्षित' म्हणून समीकरणांची यादी दिली, पाठ करा म्हटलं, धडा संपला. आणि आम्ही पालक? "मार्क किती?" याच्या पुढे विचारतो कधी?

प्रयोगशाळा नाही हे कारण मला सांगू नका. आपल्या तालुक्यात कितीतरी घरांच्या मागे गोबरगॅस आहे. मिथेनचा एक रेणू पुरता जळायला ऑक्सिजनचे दोन रेणू लागतात. त्यातून कार्बन डायऑक्साइडचा एक आणि पाण्याचे दोन रेणू तयार होतात. तो ऑक्सिजनपुढचा दोन शेगडीतही दिसतो. हवेचं भोक बुजलं की ज्योत पिवळी पडते, टोप काळा होतो. आईला शेगडी ठाऊक, लेकीला समीकरण पाठ, आणि दोघींची गाठ घालून द्यायला कुणाला वेळ नाही.

शेवटी मी चिंचोके आणि काजूबिया घेऊन बसलो. चिंचोका हायड्रोजन, काजूबी ऑक्सिजन. दहा मिनिटं लागली, जास्त नाही. दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन, दोन पाणी, तिचं तिनेच काढलं. मग रेडीच्या खाणीतलं लोहखनिज दिलं. एका फेरिक ऑक्साइडला कार्बन मोनॉक्साइडचे तीन रेणू का लागतात, तेही तिनेच मला सांगितलं.

सरांना, बाईंना हात जोडून एकच मागणं. पुढच्या घटक चाचणीत पुस्तकात नसलेलं एक तरी समीकरण द्या. आणि पालकांनो, त्यात मार्क कमी पडले तर शाळेत भांडायला जाऊ नका.