गोळी सुटल्यानंतरचा सिनेमा

सर्वोत्तम युद्धपट कोणता, हा वाद सुरू झाला की पहिलं नाव हमखास ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’चं येतं, आणि त्यातही सुरुवातीचा ओमाहा किनारा. मग कुणी ‘अपोकॅलिप्स नाऊ’मधली हेलिकॉप्टरं काढतं, कुणी ‘बॉर्डर’मधली लोंगेवालाची रात्र. बोलता बोलता चित्रपट बाजूला पडतात आणि यादी लढायांची होते. कुठले स्फोट खरे वाटले, कुठे रणगाडे जास्त होते, कुठल्या दृश्यात खुर्चीचे हात घट्ट धरले. मला हा वाद आवडतो. त्यातलं माप मात्र चुकतं, असं माझं ठाम मत आहे. युद्धपटाचा कस लढाईत लागत नाही. गोळी सुटते, माणूस पडतो आणि त्यानंतर कॅमेरा काय करतो, तिथे तो लागतो.

‘रायन’पासूनच सुरुवात करू. स्टीव्हन स्पीलबर्गचा हा चित्रपट १९९८चा. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैनिक उतरतात ती पहिली वीस-पंचवीस मिनिटं पाहिल्यावर लढाईचं चित्रण करण्याची पद्धतच बदलली. डगमगता कॅमेरा, उडालेले रंग, कान बधिर झाल्यावरची शांतता, हे सगळं पुढच्या कितीतरी युद्धपटांनी उचललं. पण या चित्रपटातलं माझ्या लेखी सर्वांत मोठं दृश्य किनाऱ्यावरचं नाही. अपहॅम नावाचा भित्रा दुभाषा एका जर्मन कैद्याला गयावया करून सोडवतो. शेवटच्या लढाईत तोच जर्मन पुन्हा बंदूक घेऊन समोर येतो, कॅप्टनला गोळी घालतो आणि मग हात वर करून अपहॅमला ओळखीनं हाक मारतो. अपहॅम त्याला गोळी घालतो. तेवढ्या एका क्षणात एका सज्जन माणसाचं काय झालं, हे कळतं. इथे चित्रपटानं थांबायला हवं होतं. पण अपहॅमला तिथेच सोडून तो दफनभूमीकडे वळतो, म्हातारा रायन आपण चांगलं आयुष्य जगलो ना असं बायकोला विचारतो आणि पडद्यावर अमेरिकेचा झेंडा फडकतो. प्रश्न मोलाचा आहे, पण तो फक्त आपल्या मेलेल्यांच्या साक्षीनं विचारलेला आहे.

त्याच वर्षी टेरेन्स मलिकचा ‘द थिन रेड लाइन’ आला. १९४२-४३च्या ग्वाडलकनाल बेटावरची लढाई. ‘रायन’ला पाच ऑस्कर मिळाली, मलिकच्या चित्रपटाला सात नामांकनं होती आणि एकही ऑस्कर मिळालं नाही. आजही दोघांची तुलना होते तेव्हा मलिकच्या बाजूला कविता आणि स्पीलबर्गच्या बाजूला वास्तव, अशी वाटणी केली जाते. मला ती पटत नाही. मलिकच्या चित्रपटात अमेरिकन सैनिक जपानी छावणी जिंकतात तेव्हा समोर भुकेनं खंगलेली, थरथरणारी, काही जण प्रार्थना करणारी माणसं बसलेली दिसतात. एक सैनिक मरणाऱ्या जपान्यासमोर बसून त्याला हिणवतो, मेलेल्यांचे सोन्याचे दात गोळा करतो. पुढे पावसात तोच सैनिक एकटा बसून ते दात फेकून देतो आणि रडतो. विजयानंतर विजेत्याच्या हातात काय उरतं, याचं इतकं थेट चित्रण मी फार कमी पाहिलं आहे. वास्तव म्हणायचं तर हेही वास्तवच आहे.

लढाई सुंदर दिसते, ही या प्रकारच्या सिनेमाची जुनी अडचण आहे. पडद्यावर युद्ध आणलं की ते थरारक होतंच, त्यामुळे खरा युद्धविरोधी चित्रपट शक्य नाही, अशी शंका फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोनं बोलून दाखवली होती. तिला पुरावाही सिनेमानंच दिला. ‘अपोकॅलिप्स नाऊ’मध्ये दिग्दर्शक कोपोलानं वाग्नरच्या संगीतावर हेलिकॉप्टरांचा हल्ला दाखवला. हल्ल्याआधी तो त्या व्हिएतनामी गावातली शाळा दाखवतो, मुलं दाखवतो. त्याचा हेतू स्पष्ट आहे. तरी संगीत चढतं आणि प्रेक्षक हेलिकॉप्टरात जाऊन बसतो. अमेरिकन मरीन अँथनी स्वॉफर्डच्या आठवणींवर बेतलेल्या ‘जारहेड’ या २००५च्या चित्रपटात आखाती युद्धावर निघालेले तरुण सैनिक नेमका हाच प्रसंग पाहत आरोळ्या ठोकतात, संगीतावर गातात. युद्धाचं वेड दाखवणारा प्रसंग युद्धावर निघालेल्यांचं स्फुरणगीत होतो.

त्रुफोचं म्हणणं लढाईपुरतं खरं आहे, असं मला वाटतं. लढाईनंतरच्या मिनिटांना ते लागू पडत नाही. लुईस माइलस्टोनचा ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ १९३०चा आहे. पहिल्या महायुद्धातला कोवळा जर्मन सैनिक पॉल तोफगोळ्यानं पडलेल्या खड्ड्यात लपलेला असतो. एक फ्रेंच सैनिक वरून आत येतो आणि पॉल त्याला भोसकतो. तो लगेच मरत नाही. रात्रभर दोघं त्या खड्ड्यात. पॉल त्याला पाणी पाजतो, तो मेल्यावर त्याची माफी मागतो, खिशातून त्याच्या बायकामुलांचा फोटो निघतो. या प्रसंगावर कुणी आरोळी ठोकू शकत नाही. त्या डिसेंबरात बर्लिनमध्ये हा चित्रपट लागला तेव्हा गोबेल्सच्या नेतृत्वाखाली नाझींनी प्रेक्षागृहात पांढरे उंदीर आणि दुर्गंधीचे बॉम्ब सोडले, आणि काही दिवसांतच जर्मनीत त्याच्यावर बंदी आली. तोफा आणि खंदक तर नाझींनाही प्रिय होते. जर्मन सैनिकानं फ्रेंच सैनिकाची माफी मागावी, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

‘द बॅटल ऑफ अल्जिअर्स’ या १९६६च्या चित्रपटात जिलो पोंतेकोर्वोनं हाच निकष आणखी कठोरपणे पाळला. फ्रान्सच्या सत्तेविरुद्ध अल्जेरियानं केलेला लढा त्यात आहे, आणि दिग्दर्शकाची सहानुभूती अल्जेरियाकडे आहे, हे लपलेलं नाही. तरी अल्जेरियन बाई कॅफेत बॉम्ब ठेवते तेव्हा कॅमेरा तिच्या नजरेनं तिथले चेहरे पाहतो, त्यात आइस्क्रीम खाणारं लहान मूलही आहे. स्फोटानंतर ढिगाऱ्यातून अल्जेरियन प्रेतं काढताना जे शोकसंगीत वाजतं, तेच फ्रेंच प्रेतांसाठीही वाजतं. बाजू घेऊनही शोकात भेदभाव न करणं याला मोठं धैर्य लागतं. हा चित्रपट फ्रान्समध्ये अनेक वर्षं दाखवला गेला नाही.

आता आपल्याकडे येऊ. चेतन आनंदचा ‘हकीकत’ १९६२च्या पराभवानंतर दोनच वर्षांत आला. लडाखच्या बर्फात मागे हटणारी तुकडी दाखवण्याची हिंमत तेव्हा त्यानं केली, म्हणून आजही तो आपल्या युद्धपटांत वेगळा उभा आहे. ‘बॉर्डर’बद्दल माझी तक्रार चित्रपटाशी नाही, आपल्या आठवणीशी आहे. आपल्याला त्यातले गर्जणारे संवाद पाठ असतात. जे. पी. दत्तानं शेवटी रणभूमीवरच्या प्रेतांवरून कॅमेरा फिरवत शत्रूला भाऊ म्हणून साद घालणारं गाणं ठेवलं, हे मात्र वादात कुणी काढत नाही. पुढच्या काळातल्या ‘उरी’सारख्या चित्रपटांनी गर्जना पुढे नेली, ते गाणं मागेच राहिलं.

आणि मराठी माणसानं या यादीत एक नाव हक्कानं घालावं. व्ही. शांताराम यांचा १९४६चा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीसाठी काँग्रेसनं पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून १९३८मध्ये गेले. चौघं परतले, कोटणीस ९ डिसेंबर १९४२ला तिथेच वारले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. शांतारामबापूंनी स्वतः त्यांची भूमिका केली. भारतीय नटांनी चिनी पात्रं रंगवलेला हा चित्रपट आज काही ठिकाणी भाबडा वाटतो. पण त्याचा नायक कोण आहे ते पाहा. गोळी लागून गेल्यावर ज्याचं काम सुरू होतं, असा माणूस. सत्यजित राय यांच्या ‘अशनि संकेत’मध्ये तर लढाईच नाही. १९४३च्या बंगालमध्ये शेतांवरून विमानं जातात, ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्यानं तांदूळ महागतो आणि गावात पहिला भूकबळी पडतो. शत्रूचा एकही सैनिक न पाहता माणसं युद्धानं मरतात. युद्धपटांच्या याद्यांत हे नाव मी क्वचितच पाहिलं आहे, आणि त्याचं कारण पुन्हा तेच चुकलेलं माप.

माझं पहिलं नाव मात्र एलेम क्लिमोव्हच्या ‘कम अँड सी’चं. हा सोव्हिएत चित्रपट १९८५चा. त्याच्या लेखकांपैकी आलेस आदामोविच हे स्वतः किशोरवयात बेलारूसच्या जंगलात नाझींविरुद्ध लढलेले. १९४३ साल; फ्लोऱ्या नावाचा मुलगा वाळूत पुरलेली बंदूक उकरून काढतो आणि मोठ्या उत्साहात गनिमी तुकडीत जातो. काही दिवसांनी तो ग्लाशा या मुलीबरोबर आपल्या गावी परततो. घरात कुणी नाही, अन्न अजून गरम आहे, माश्या घोंगावताहेत. घरचे लपून बसले असतील म्हणून तो धावत सुटतो. त्याच्यामागे धावणारी ग्लाशा एकदाच वळून पाहते आणि घरामागे रचलेली प्रेतं तिला, आपल्याला दिसतात. फ्लोऱ्याला दिसत नाहीत. गाव कसं मारलं गेलं, ते क्लिमोव्ह दाखवत नाही. आपण पोहोचतो तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं.

पुढे दुसऱ्या गावातल्या लोकांना कोठारात कोंडून जाळतात, तो प्रसंग पाहणं असह्य आहे. क्लिमोव्ह तिथे मात्र नजर वळवत नाही, आणि त्यात थराराचा कणही येऊ देत नाही. अखेरीस फ्लोऱ्या चिखलात पडलेल्या हिटलरच्या तसबिरीवर गोळ्या झाडू लागतो. पूर्ण चित्रपटात त्याची बंदूक पहिल्यांदा इथेच चालते. प्रत्येक गोळीबरोबर माहितीपटांतली दृश्यं उलटी धावतात, युद्ध मागे सरकतं, सरकत सरकत आईच्या मांडीवरच्या तान्ह्या हिटलरपाशी येतं. तिथे फ्लोऱ्याचा हात थांबतो. सगळं गाव गमावलेल्या मुलाला सूडाचा पूर्ण अधिकार देऊन दिग्दर्शक त्याला त्या तान्ह्या मुलासमोर उभा करतो. बेलारूसमधली ६२८ गावं माणसांसकट जाळली गेली, असं मग पडद्यावर येतं. यानंतर क्लिमोव्हनं एकही चित्रपट केला नाही.

या निवडीवर दोन आक्षेप येतात. पहिला म्हणजे हा सोव्हिएत सरकारच्या आशीर्वादानं, विजयाच्या चाळिसाव्या वर्षी आलेला चित्रपट आहे आणि सोव्हिएत राजवटीच्या स्वतःच्या पापांबद्दल तो गप्प आहे. हे खरं आहे, आणि पाहताना ते ध्यानात ठेवायला हवं. पण जळालेली गावंही तितकीच खरी आहेत, आणि तसबिरीपुढे थांबलेला हात कुठल्याच सरकारी प्रचारात बसत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. पराक्रमाऐवजी मरणाकडे पाहायला सांगणं हा सैनिकांवर अन्याय आहे, असं अनेक जण मनापासून मानतात. मी नेमकं उलट मानतो. लढाई काही तासांत किंवा दिवसांत संपते. नंतरचं सगळं आयुष्य सैनिकाला आणि त्याच्या घराला काढावं लागतं. सातारा-कोल्हापूरकडच्या ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं फौजेत गेली, त्यांना हे कुणी शिकवायला नको. पराक्रम दाखवून निघून जाणारा चित्रपट सैनिकाला आपल्या करमणुकीपुरता वापरतो. त्याच्या हातून काय घडलं आणि त्याचं काय झालं हे पाहायला जो थांबतो, तो त्याला माणूस म्हणून मान देतो.

तेव्हा वाद जरूर घाला, यादीही करा. फक्त प्रत्येक नावापुढे एक प्रश्न लिहा: मेलेल्या माणसाजवळ हा चित्रपट किती वेळ थांबला, आणि तो माणूस पलीकडच्या बाजूचा असता तरी थांबला असता का? आज खऱ्या युद्धांची दृश्यं पार्श्वसंगीत लावून आपल्या फोनवर येतात आणि आपण ती पुढे पाठवतो. पडद्यावरच्या मृत्यूपाशी थांबायची सवय ज्याला लागली, त्याला युद्धाचा उन्माद विकणं अवघड जातं. मोठ्या युद्धपटानं ही सवय लावावी, एवढीच माझी अपेक्षा आहे. ‘कम अँड सी’ ती इतर कुठल्याही चित्रपटापेक्षा अधिक पूर्ण करतो, म्हणून माझ्या यादीत तो पहिला.