हापूस, अल्फान्सो की हंबा?

आंब्याचा हंगाम आला की रत्नागिरीतल्या अनेक घरांत दोन कामं एकदम सुरू होतात. वडील बागेत पेट्या भरतात आणि मुलगा मोबाईलवर जाहिरात टाकतो, 'अस्सल हापूस'. मुंबई-पुण्यात एवढं पुरतं. परदेशातलं गिऱ्हाईक मात्र बहुतेक वेळा हा शब्द टाईपच करत नाही.

लंडनमध्ये 'अल्फान्सो' चालतं. गुजराती माणूस 'हाफूस' म्हणतो आणि तसंच लिहितो. अरबीत आंब्याला 'मांगा' किंवा 'मांजू' म्हणतात, पण अमिरातीच्या बोलीत 'हंबा' आणि ओमानमध्ये 'अंबा' ऐकू येतं. हा आपलाच 'आंबा', व्यापाऱ्यांसोबत समुद्र ओलांडून गेलेला! गंमत म्हणजे इराकमध्ये 'अंबा' म्हटलं की आंब्याचं आंबट लोणचं समोर येतं. शब्द तोच, देश बदलला की माल बदलतो. म्हणून एकच शब्द सगळीकडे चालवून भागत नाही.

दुसरा प्रश्न नावाच्या हक्काचा. 2018 साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. तरी कर्नाटकचा आंबा रत्नागिरीच्या नावाने खपतो आणि आफ्रिकेतल्या मलावीचा आंबाही 'हापूस' म्हणून वाशीत येतो. त्यामुळे नुसतं 'अल्फान्सो' लिहिलं तर गिऱ्हाईक कुणाकडेही जाईल. सोबत 'रत्नागिरी' हवंच, आणि मानांकनासाठी बागायतदाराने स्वतःची नोंदणीही करायला हवी.

हे सगळं दलालाला आधीच ठाऊक असतं. वाईट याचं वाटतं की आपल्या घरात मराठी, कोकणी, उर्दू अशा तीन-तीन भाषा असून आपण त्यांचा उपयोग करत नाही. मकतबात मुलं अरबी अक्षरं वाचायला शिकतात. अर्थ कळणं वेगळं, पण निम्मी वाट तर झालेली असते. वर्गात मात्र आम्ही बघतो, हीच मुलं कोकणी बोलायला लाजतात.

तेव्हा जाहिरात टाकण्याआधी दुबई-मस्कतच्या मामूंना एक फोन करा. शेजारचा अरब आंब्याला काय म्हणतो, दुकानात पाटीवर काय लिहितात, विचारा. गुगल ट्रेंड्सवर देश निवडून दोन शब्दांची तुलना फुकट करता येते, तीही मुलांना करू द्या. बाग बापाने राखली. तिचं नाव कुठे कसं लिहायचं, हे काम मुलांनी घ्यावं.